आजी चर्चमध्ये ओरडते म्हणून

प्रिय रुथ,

काल गाडीत तू विचारलंस, "बाबा, नगरला आजी चर्चमध्ये एवढी का ओरडते? देवाला ऐकू येत नाही का?" वर बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्टही ऐकवलीस. कर्मेल डोंगरावर तो बआल या देवाच्या संदेष्ट्यांना चिडवतो ना, अजून मोठ्यानं हाका मारा, तुमचा देव झोपला असेल! संडे स्कूलमध्ये बरं शिकवतात तुम्हाला. मी हसलो, पण लागलं. तुझ्या वयात मलाही अगदी हेच वाटायचं.

आमची सकाळची उपासना मिशनऱ्यांनी घालून दिलेल्या शिस्तीची. उठा, बसा, 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकातलं गीत म्हणा, पाळकसाहेबांचं ऐका. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, त्यांना तीच उपासना वाटायची. आजी मात्र रात्री भाऊकाकांच्या ओट्यावर भजनाला जायची. पेटी, ढोलकी, टाळ, नारायण वामन टिळकांची भजनं. मग कुणीतरी म्हणायचं, "प्रभू येशू ख्रिस्त की", आणि "जय!"नं पत्रे हलायचे. त्यानंतर सगळे एकदमच प्रार्थना करायचे, ज्याची त्याची, मोठ्यानं. त्या कल्लोळातही आजीचा आवाज वेगळा कळायचा. रस्त्यावरून माझ्या वर्गातली पोरं बघत जायची, आणि मी भिंतीकडे तोंड करून बसायचो.

गंमत म्हणजे घरात आजी कधी आवाज चढवत नसे. आजोबांपुढे तर नाहीच.

तिची आजी केडगावची, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशन या आश्रमात वाढलेली. दुष्काळात तिथं आलेली पोर. 1905 साली तिथं संजीवन झालं, म्हणजे श्रद्धेला नवा जोर आला, तेव्हा मुली एकाच वेळी मोठमोठ्यानं प्रार्थना करत, रडत, हसत. हा गोंधळ काहींना रुचला नाही. रमाबाई स्वतः संस्कृत पंडिता, पण त्यांनी मुलींना गप्प केलं नाही. आपल्या लोकांना आपल्या स्वभावाप्रमाणे भक्ती करू द्या, असं त्यांचं म्हणणं. ही हकिगत आजी अशी सांगते की जणू ती स्वतः तिथं होती.

आजोबांकडचे पूर्वज महारवाड्यातले, हे तुला माहीत आहे. वाड्यापासून लांब उभं राहून 'जोहार मायबाप' म्हणायचं, देवळाची पायरी चढायची नाही. त्याच घरातल्या सुनेनं देवापुढं बसून घसा बसेपर्यंत जयजयकार करावा, यात मला आता बरंच काही दिसतं. पण खरं सांगू? हे सगळं माझं डोकं. आजीला एकदा विचारलं तर म्हणाली, "अरे, स्तोत्रात लिहिलंय, टाळ्या वाजवा, झांजा वाजवा. वाचत नाहीस का?"

आणि मलाही सगळंच पटतं असं नाही. आता नगरला मोठे स्पीकर आलेत. एखादा पाहुणा प्रचारक "ऐकू आलं नाही, अजून मोठ्यानं!" म्हणत लोकांकडून हालेलुया वदवून घेतो, तेव्हा मी तुझ्या एलीयाच्या बाजूचा. हुकमावर आनंद कसा यायचा? इथल्या चर्चमधली शांतता मला आवडते, हे तुझ्या आईलाही माहीत आहे. फक्त कधी कधी इथंही एखादं गीत रंगतं, हात टाळीसाठी वर येतात, आजूबाजूला बघून मी ते खिशात घालतो. तेव्हा भाऊकाकांचा ओटा फार आठवतो.

तू ओरडावंस असं मुळीच नाही. पुढच्या वेळी नगरला गेलो की भजनाच्या वेळी अंगणात चुलतभावंडांबरोबर खेळत बसलीस तरी चालेल. फक्त जायचं तर पहिलं भजन सुरू व्हायच्या आत जा. मध्येच उठलीस तर सुमीआत्या सगळ्यांदेखत नाव घेऊन बोलावते, आणि हातात टाळ देते.

तुझा,
बाबा