उंटिणीचे दूध जंतुनाशक असते का?

प्रश्न : कच्छच्या सहलीत मालधाऱ्यांकडे (तेथील पशुपालकांकडे) उंटिणीचे कच्चे दूध प्यालो. ते न तापवताही टिकते आणि त्याने जंतुसंसर्ग बरा होतो, असे तेथे ऐकले. वडिलांना मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार होतो. त्यांना हे दूध कच्चेच द्यावे का? शिवाय बाटलीबंद दुधाला घरी विरजण लावले, तर दही धड लागले नाही. असे का व्हावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दूध टिकण्याबद्दल मालधारी जे सांगतात, त्यात तथ्य आहे. या दुधात लायसोझाइम, लॅक्टोफेरिन, लॅक्टोपेरॉक्सिडेज ही जंतुरोधक प्रथिने आणि प्रतिपिंडे असतात. लायसोझाइम काही जिवाणूंची पेशीभित्तिका फोडते, तर लॅक्टोफेरिन जिवाणूंच्या वाढीला लागणारे लोह स्वतःकडे धरून ठेवते. म्हणून गाईच्या दुधापेक्षा हे दूध उशिरा आंबते. उंटाच्या काही प्रतिपिंडांना हलक्या साखळ्या (प्रतिपिंडाच्या रेणूतील छोट्या प्रथिन-साखळ्या) नसतातच, हे बेल्जियममधील संशोधकांनी १९९३ मध्ये दाखवले आणि त्यातूनच पुढे ‘नॅनोबॉडी’ (अशा प्रतिपिंडांच्या लहान तुकड्यांपासून बनवलेली) औषधे निघाली. ती औषधे दुधातून काढलेली नसल्यामुळे दुधाची थोरवी सांगताना त्यांचा दाखला देणे मात्र गैर आहे.

प्रयोगशाळेतील चाचण्यांत ही प्रथिने ई. कोलायसारख्या जिवाणूंची वाढ रोखताना दिसतात, हे खरे. परंतु प्यालेल्या दुधातील प्रथिनांचे पोटात बहुतांशी पचनच होते आणि ती मूत्रमार्गापर्यंत औषधाच्या मात्रेत पोहोचत नाहीत. वडिलांच्या लघवीची कल्चर तपासणी करून डॉक्टर देतील तेच प्रतिजैविक घ्यावे, दूध हवे तर आहार म्हणून द्यावे.

कच्चे मात्र मुळीच देऊ नये. दूध उशिरा आंबते म्हणून ते निर्धोक ठरत नाही. बाधित उंटिणीच्या दुधातून ब्रुसेलाचे जिवाणू माणसात येतात आणि आठवडेच्या आठवडे चढउतार होणारा ताप व सांधेदुखी मागे लागते. मर्स या श्वसनविकाराच्या, उंटांकडून माणसात येऊ शकणाऱ्या विषाणूच्या संदर्भातही जागतिक आरोग्य संघटनेने उंटाचे कच्चे दूध टाळण्यास सांगितले आहे. दूध उकळल्यास प्रतिपिंडे निकामी होतात, लॅक्टोफेरिनही फारसे टिकत नाही. पण तेवढ्यासाठी कच्चे पिण्याचा धोका पत्करण्यात शहाणपण नाही.

दह्याबाबत आपला हात वाईट नाही. केसीन हे दुधातील मुख्य प्रथिन; त्याचा कप्पा-केसीन हा प्रकार या दुधात कमी असतो आणि केसीनचे कण मोठे असतात, त्यामुळे कवडी घट्ट धरत नाही. त्यातच उरलेली जंतुरोधक प्रथिने विरजणातील जिवाणूंनाही थोडा अडथळा करतात. विरजण नेहमीपेक्षा जास्त घालून पाहावे, तरीही दही पातळच लागेल. त्याचे ताक करणे बरे.