अपोसायनिनला ‘ऑक्सिडीकरणरोधक’ म्हणावं का?

प्रश्न असा होता की कुटकी या औषधी वनस्पतीवरच्या लेखाचं भाषांतर करताना त्यातल्या अपोसायनिन या द्रव्याला अँटिऑक्सिडंट म्हटलेलं आढळलं, तर मराठीत ‘ऑक्सिडीकरणरोधक’ लिहिलेलं चालेल का.

मला वाटतं नको, कारण मुळात इंग्रजी शब्दच इथे सैल पडलाय. तेल खवट होतं ते ऑक्सिडीकरण, ते होऊ नये म्हणून घालतात तो ऑक्सिडीकरणरोधक, तिथे शब्द अगदी चपखल. अपोसायनिनचं काम वेगळं आहे. आपल्या रक्तातली न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी जंतू गिळते तेव्हा एनएडीपीएच ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम, जे एरवी सुटं पडलेलं असतं, काही भाग पेशीच्या पटलात आणि काही आतल्या द्रवात, ते जुळून येतं आणि ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन सुपरऑक्साइड बनवायला लागतं, त्यातून पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड वगैरे ऑक्सिडंट, सगळं जंतू मारायला. (हे एन्झाइम जन्मतःच बिघडलेलं असेल तर मुलांना पुन्हा पुन्हा गंभीर इन्फेक्शन होतात, तेव्हा ऑक्सिडंट म्हणजे वाईटच असं कृपया लिहू नका.) अपोसायनिन यातला पी-४७-फॉक्स हा भाग पटलापर्यंत पोचू देत नाही. म्हणजे व्हिटॅमिन सी तयार झालेले ऑक्सिडंट टिपतं, अपोसायनिन ते तयारच होऊ देत नाही. रोधक हा शब्द हवाच, पण रोध कशाचा ते आलं पाहिजे: ‘ऑक्सिडंटनिर्मिती-रोधक’. टिपणाऱ्याला ‘ऑक्सिडंटनाशक’ म्हणा.

आता खरी गोम. अपोसायनिन जसंच्या तसं रोधक नसतं, मायलोपेरॉक्सिडेज हे एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून त्याचं रूप बदलतं तेव्हा ते काम करू लागतं. न्यूट्रोफिलमध्ये हे एन्झाइम भरपूर, पण रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींत नसतं, आणि तिथे अपोसायनिन नुसतंच ऑक्सिडंट टिपतं. एकच द्रव्य, एका पेशीत रोधक, दुसरीत नाशक! म्हणून लेखात कुठल्या पेशींवर प्रयोग केलाय ते आधी बघा आणि मगच शब्द निवडा.

अपोसायनिन हे नाव मात्र तसंच ठेवा. औषधशास्त्रज्ञ श्मीडेबर्ग यांनी १८८३ मध्ये ते अपोसायनम या उत्तर अमेरिकेतल्या वनस्पतीच्या मुळांतून वेगळं केलं, त्यावरून ते आलंय. अपोसायनममधलं ग्रीक अपो म्हणजे दूर, क्युऑन म्हणजे कुत्रा, आणि हा क्युऑन आपल्या संस्कृत ‘श्वन्’चा सख्खा भाऊ.