सुमोसाठी जपान: मंगोलियन पोरांच्या वाटेनं जायचं असेल तर

तुम्ही विचारलंय की धाकटा भाऊ १९ वर्षांचा आहे, कोल्हापुरात तालमीत आहे, तर हाकुहो, तेरुनोफुजी या मंगोलियन मल्लांसारखं त्याला जपानला जाऊन सुमोत उतरता येईल का. नियमानं येईल. अडचण ताकदीची नाही, जागेची आहे.

व्यावसायिक सुमोत शिरायचं तर हेयातूनच. हेया म्हणजे वस्तादासकट राहती तालीम. अशा पंचेचाळीसच्या आसपास आहेत आणि २००२पासून प्रत्येकीत परदेशी मल्ल एकच. २०१०पासून जपानी नागरिकत्व घेतलेला परदेशीही त्याच एका जागेत मोजतात. आधीचा निवृत्त झाल्याशिवाय दार उघडत नाही. वय २३च्या आत हवं. हौशी सुमोत ठरावीक यश असेल तर २५पर्यंत सवलत मिळते. काकुर्यू या मंगोलियन मल्लाला पत्र लिहून जागा मिळाली हे खरं, पण ते २००१ साल होतं.

म्हणून मंगोलियन पोरं आता बहुतेक शाळेमार्गे येतात. असाशोर्यू हा मल्ल कोची प्रांतातल्या मेइतोकु गिजुकु शाळेत आला, तेरुनोफुजी तोत्तोरी प्रांतातल्या शाळेत. पंधरा-सोळाव्या वर्षी येऊन जपानी शिकायची, शालेय स्पर्धा खेळायच्या, तिथेच वस्तादांच्या नजरेत भरायचं. तुमच्या भावाचं ते वय गेलं. त्याला सुमो क्लब असलेलं विद्यापीठ उरतं, पण चार वर्षांत तो २३ गाठेल, मग सगळी मदार सवलतीवर. आधी त्यानं हौशी सुमोच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत नाव काढावं, असं माझं मत.

पैशाचं नीट ऐका. एकूण सहाएकशे मल्लांपैकी पगार फक्त वरच्या दोन विभागांतल्या ७० जणांना: पहिल्या माकुउचीत ४२, दुसऱ्या जुर्योत २८. जुर्योत महिना ११ लाख येन, योकोझुनाला, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या मल्लाला, ३० लाख. त्याखाली पगार शून्य. दर दोन महिन्यांच्या स्पर्धेला भत्ता, अगदी खालच्या जोनोकुचीत ७७ हजार, जुर्योच्या लगेच खालच्या माकुशितात १ लाख ६५ हजार येन. राहणं-जेवण हेयाचं. बदल्यात पहाटे सराव, मग स्वयंपाक, झाडलोट, वरिष्ठांची सेवा. ज्येष्ठ आधी जेवतात, नवशिक्याच्या वाट्याला शेवटी उरलेली चांको, म्हणजे मल्लांचं रस्सेदार जेवण. गाडी चालवायला मनाई, थंडीतही अंगावर युकाता, म्हणजे पातळ सुती किमोनो. १९९२मध्ये ओशिमा हेयानं सहा मंगोलियन आणले, त्यातले पाच काही महिन्यांतच पळून आपल्या दूतावासात गेले. भूक, भाषा, मार, सगळं एकदम अंगावर आलं की असं होतं. निदान भाषेची तयारी इथूनच करता येते.

आता कुस्तीच्या सवयी. तळपाय सोडून शरीराचा कुठलाही भाग जमिनीला लागला की हार. पट काढताना गुडघा टेकायची सवय इथे पहिल्याच झटापटीत घात करते. बोखमध्ये, म्हणजे मंगोलियन कुस्तीत, हाताचा पंजा टेकला तरी चालतं, त्यामुळे त्यांनाही हे मोडावं लागतं. शिवाय बोखला रिंगण नाही, इथे ४.५५ मीटरचं वर्तुळ आहे. मागे सरकून डाव शोधणारा बाहेर जातो. उलट त्यांची अंगरखा पकडायची सवय मावाशीच्या, म्हणजे सुमोतल्या कमरपट्ट्याच्या, पकडीत फार कामी येते. आपल्याकडेही जांग्याला हात घालायची सवय असतेच, ती आणि बाहेरची टांग टिकवा. वजनाची घाई नको. हाकुहो २०००मध्ये आला तेव्हा ६२ किलोचा होता. चरबी आधी आणि पायांची ताकद नंतर असा उलटा क्रम झाला की गुडघे जातात. तेरुनोफुजी ओझेकी, म्हणजे योकोझुनाच्या खालच्या दर्जाचा, झाल्यावर गुडघे आणि मधुमेहापायी थेट खालून दुसऱ्या विभागात, जोनिदानला घसरला. तिथून चढून २०२१ला योकोझुना झाला. असा दुसरा कुणी नाही.

निवृत्तीनंतर वस्ताद म्हणून राहायचं तर जपानी नागरिकत्व सक्तीचं. ते घेतलं की भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो, दुहेरी नागरिकत्व आपल्याकडेही नाही. हाकुहोनं २०१९मध्ये मंगोलियन नागरिकत्व सोडलं, असाशोर्यूनं सोडलं नाही. घरच्यांशी हे आत्ताच बोलून घ्या.