बिब्जची पिशवी

प्रिय मुली,

रात्री साडेअकराचा तुझा मेसेज मी सकाळी चहाबरोबर वाचला, मग ऑफिसात दोनदा. 'ताई, मी तिथे नक्की कोण आहे?' एवढं एकच वाक्य खरं. बाकीची नुसती कारणं. आमच्या आयरिश लोकांच्या गेलिक फुटबॉल क्लबात बी टीममध्येसुद्धा शेवटची पाच मिनिटं मिळतात. मॅचनंतर सगळ्या पबमध्ये जातात आणि तू लाइम सोडा घेऊन मोबाइलमध्ये डोकं घालतेस. खायला काय, तर फ्राइज. त्यापेक्षा आपल्या लोकांचं शनिवारचं बॅडमिंटन बरं वाटतं. वाटणारच गं. गणपतीत मीही तिथेच मोदक वळत असते.

पण मला विचारलंस, म्हणून मीच तुला विचारते. परवा प्रॅक्टिस संपल्यावर बिब्जची, संघ ओळखायला टी-शर्टवर चढवायच्या त्या रंगीत बंड्यांची, पिशवी कोणी उचलली? तू बूट काढून टॅक्सी बुक करत होतीस. मी बघत होते.

हसू नकोस. बावीस बिब्ज, दुबईतल्या सप्टेंबरच्या दमट रात्री दीड तास अंगावर राहिलेली. ती पिशवी गाडीत ठेवली की काचा उघड्या ठेवूनच घर गाठावं लागतं. पण पिशवी उचल. मला दुसरं काही सांगायचं नाही.

या खेळात कुणाला पैसे मिळत नाहीत, हे तुला माहीत आहे, पण त्याचा अर्थ तुझ्या लक्षात आलेला नाही. १८८४ साली आयर्लंडमधल्या थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात गेलिक खेळांची संघटना सुरू झाली, बायकांची वेगळी संघटना १९७४ची. आजही डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ८२ हजार लोकांसमोर फायनल खेळलेला माणूस नंतर आपल्या शाळेत शिकवायला नाहीतर बँकेत कामाला जातो. मानधन नाही, म्हणजे नोकरही नाहीत. रग्बीच्या खांबांना खाली जाळी कोण बांधणार? पाण्याचे क्रेट, कोन, पट्ट्या? ज्या खेळतात त्याच. आमच्यातली एक कॉर्कची बाई एकदा म्हणाली, तिच्या आजोबांच्या गावात कापणीला सगळे शेजारी एकमेकांच्या शेतात राबायचे, त्याला 'मेहल' म्हणतात. मी म्हटलं, अगं, ही तर आमची इर्जिक! आजोळी ज्याच्या शेतावर इर्जिक, त्याच्याकडे जेवण. त्या जेवणाला फक्त जेवायला म्हणून येऊन बसलेला माणूस कसा दिसेल? तू पबमध्ये तशी बसतेस. तुला परकं वाटतं त्याचं कारण लाइम सोडा नाही.

आणि उच्चार कळत नाहीत हे मला सांगू नकोस. त्यांचा पहिला प्रश्न कायम एकच, तू कुठली? म्हणजे काउंटी (त्यांचा जिल्हा) कुठली, त्यात क्लब कुठला. आपण नाही का विचारत, गाव कोणतं, तालुका कोणता? तू 'इंडिया' म्हणून गप्प बसतेस. तासगाव सांग. द्राक्षांचं सांग. मेयो आणि गॉलवेच्या पोरी एकमेकींना ज्या खुन्नसने चिडवतात ती तुला सांगली-कोल्हापूरवरून लगेच कळेल.

आता माझं ऐक. पहिली दोन वर्षं मी तुझ्यासारखीच होते, शिट्टी वाजली की गाडीत. वय अडतीस, घरी मुलगा दहावीला, हे माझं कारण. खोटं नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं. मला सोलो, म्हणजे पळता पळता चेंडू पायाने उडवून पुन्हा हातात घेणं, शिकवली ती प्राथमिक शाळेतली एक शिक्षिका होती. अल नहदातल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये तीन आठवडे, रोज अर्धा तास. चेंडू हातातून फेकायचा नाही, सोडायचा. पायाची बोटं वर, स्वतःकडे वळवलेली, म्हणजे चेंडू उलटा फिरत पुन्हा हातात येतो. चार पावलांच्या आत टप्पा नाहीतर सोलो, आणि लागोपाठ दोन टप्पे चालत नाहीत. माझा चेंडू दरवेळी वॉचमनच्या खुर्चीखाली जायचा. ती स्वतः वाकून काढायची.

बिब्ज तीच धुवायची. मला ते ठाऊकही नव्हतं.

इथे जून संपला की शिक्षिका जातात, काही सुट्टीला आणि काही कायमच्या. ती कायमची गेली. निरोपाच्या जेवणाला मी गेले नाही, ऑफिसात अर्धवार्षिक क्लोजिंग होतं. क्लोजिंग दुसऱ्या दिवशीही झालं असतं. सप्टेंबरमध्ये पहिल्या प्रॅक्टिसला बिब्ज कुठेच सापडेनात. अर्ध्या जणींनी टी-शर्ट उलटे घातले आणि तासभर आम्ही आपल्याच माणसांकडून चेंडू हिसकावून घेतला. त्या रात्री मी तिला मेसेज लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. पाठवला नाही. आता तो नंबरही चालत नाही.

तेव्हापासून अकरा वर्षं पिशवी माझ्याकडे आहे. नवरा म्हणतो, तुला आयरिश लोकांनी धोबीण केलं. मागे कमिटीत लाँड्रीला पैसे देऊन टाकू असा ठराव आला, तेव्हा मी इतकी भांडले की महिनाभर दोघी माझ्याशी बोलत नव्हत्या. हट्टी म्हणतात मला. म्हणोत. अकरा वर्षांत माझ्या नावावर एकूण तीन पॉइंट (आडव्या दांडीवरून मारलेले) आहेत, जाळीत गोल एकही नाही, आणि तरी नवीन आलेली प्रत्येक मुलगी पहिल्या आठवड्यात मला नावाने ओळखते, कारण बिब माझ्या हातून घ्यावं लागतं. यात माझा थोडा स्वार्थ आहे, बरं. नसता तर एवढी वर्षं टिकले नसते.

तू म्हणशील, पण मला खेळायचंय. खेळ ना! न्यूयॉर्कचा संघ १९९९ पासून आयर्लंडमधल्या कॉनाक्ट प्रांताच्या स्पर्धेत खेळतोय. वर्षानुवर्षं पहिल्याच सामन्यात हरायचे. २०२३ मध्ये ब्राँक्समधल्या गेलिक पार्कवर लीट्रिम काउंटीला पेनल्टीवर हरवलं, तो त्यांचा पहिला विजय. मधल्या सगळ्या वर्षांत तिथेही कुणीतरी जाळ्या बांधल्याच असतील. तुला अजून एक हंगामही झालेला नाही आणि तू मला 'मी कोण' विचारतेस! इथे पंधराऐवजी सात-नऊ जणींचे संघ असतात, पोरी सतत ये-जा करतात, मार्चपर्यंत तुझा नंबर लागेल. नाही लागला तरी पिशवी उचल.

मंगळवारी मी पुण्याला आहे, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. पिशवी सोमवारी तुझ्या रिसेप्शनवर ठेवून जाते. सव्वासातला मैदानावर हवी, साडेसातला नाही. धुताना थंड पाणी घे. निळी पांढऱ्यांबरोबर टाकू नकोस, रंग जातो. आणि नऊ नंबरच्या बिबची शिवण उसवलीय, सुईदोरा बाजूच्या कप्प्यात आहे.

तुझी,
ताई