सरासरी खेळाडूने पुण्यातला गोल्फ कोर्स कसा जोखावा?
कोर्सच्या एकूण यार्डेजवर (लांबीवर) जाऊ नका, ज्या टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) खेळणार तिचं स्लोप रेटिंग बघा. कोर्स रेटिंग हे स्क्रॅच, म्हणजे शून्य हँडिकॅपच्या खेळाडूच्या हिशेबाने काढतात (हँडिकॅप म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा, म्हणजे पारपेक्षा, साधारण किती जास्त लागतात तो आकडा); स्लोप मात्र सांगतं की त्याच्या तुलनेत २० च्या आसपास हँडिकॅपवाल्याला तोच कोर्स किती जास्त जड जाईल. ते ५५ ते १५५ मध्ये असतं, ११३ म्हणजे मध्यम. रेटिंग देताना अशा २० च्या आसपास हँडिकॅपवाल्या पुरुषाचा ड्राइव्ह (टीवरचा लांब फटका) २०० यार्ड आणि दोन फटक्यांत ३७० यार्ड धरलेले असतात. म्हणून स्कोअरकार्ड घेऊन ३७० यार्डांच्या वरचे पार-४ (चार फटक्यांत पूर्ण करायचे होल) मोजा. ते जास्त निघाले तर बिनधास्त पुढची, म्हणजे होलच्या जवळची टी घ्या, त्यात कसलाही कमीपणा नाही.

पण आकड्यांत जमिनीचा स्वभाव नीट कळत नाही. येरवड्याचा पूना क्लबचा कोर्स झाडांमधून जातो. तिथे लांब मारण्यापेक्षा सरळ मारणारा सुखी. लवळ्याचा ऑक्सफर्ड कोर्स डोंगरउतारावर आहे, सपाट उभं राहायला जागा कमी. चेंडू पायांपेक्षा उंचावर असला की उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फटका डावीकडे ओढला जातो. अशा वेळी निशाणा थोडा उजवीकडे धरा.

एक मात्र लक्षात ठेवा: हे सगळं कोरड्या जमिनीचं गणित. जुलै-ऑगस्टमध्ये चेंडू पडतो तिथेच रुततो, घरंगळत नाही, आणि तोच कोर्स बराच लांब वाटतो. पावसाळ्यातल्या एका फेरीवरून मत बनवू नका.