पंचवीस मिनिटांचा संसार

मागच्या अंकात मी 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' ह्या अमेरिकन अंतराळमालिकेच्या एकाच एपिसोडवर लिहिलं, 'द इनर लाइट', आणि त्याला दहापैकी दहा मार्क देऊन मोकळा झालो. पत्रं आली, निम्मी भांडायला आलीत. भांडा, माझी ना नाही. ज्यांचा मागचा अंक हुकला त्यांच्यासाठी पहिल्याच उत्तरात गोष्ट परत सांगतोय, आणि शेवटसुद्धा सांगणारे, एपिसोड १९९२ चा आहे, स्पॉयलर दिला म्हणून आता कोणी रुसायचं नाही.

मी स्टार ट्रेकचा एकही भाग बघितलेला नाही. सात सीझन, १७८ भाग, एवढं बघायला मला आधी रिटायर व्हावं लागेल. हा एकच बघितला तर चालेल का?
*एक वाचक, चिंचवड*

कळेल सगळं, पण लागेल किती ते सांगता येत नाही. आधी गोष्ट ऐका. एंटरप्राइझ नावाचं अंतराळयान, त्याचा कॅप्टन जाँ-लुक पिकार्ड, पन्नाशी ओलांडलेला, शिस्तीचा, चहासुद्धा ठरलेलाच पिणारा माणूस. वाटेत एक अनोळखी यंत्र भेटतं, त्यातून एक झोत येतो आणि पिकार्ड सगळ्यांसमोर कोसळतो. डोळे उघडतो तेव्हा तो कटान नावाच्या ग्रहावर, रेसिक नावाच्या गावात, आणि उशाशी बसलेली बाई म्हणतेय की तू माझा नवरा, तुझं नाव कामिन, लोखंडकाम करतोस, तापात बडबडत होतास. तो मानत नाही. पाच वर्षं मानत नाही. रात्री आकाशाकडे बघत बसतो, नकाशे काढतो, आणि ती एलीन बिचारी वाट बघते, आणि मग हळूहळू हा माणूस गावचाच होऊन जातो, बासरी शिकतो, मुलं होतात, दुष्काळ वाढत जातो, बायको जाते, नातवंडं येतात. म्हातारा झाल्यावर एक दिवस सगळे त्याला हात धरून रॉकेट उडताना बघायला नेतात आणि तिथे त्याला कळतं की हे रॉकेट म्हणजेच ते यंत्र, ज्यानं त्याला गाठलं. यांचा सूर्य फुटणार होता, वाचायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी आपली आठवण एका यंत्रात भरून सोडून दिली, कोणातरी एकाला ती जगता यावी म्हणून. ते सगळे हजार वर्षांपूर्वीच गेलेत. पिकार्ड यानावर जागा होतो तेव्हा पंचवीसेक मिनिटं झालेली असतात. यंत्रात एक डबी सापडते, डबीत बासरी, आणि तो एकटा खोलीत उभा राहून ती वाजवतो. संपलं.

आता मुद्दा असा की हीच गोष्ट एखाद्या सुट्या सिनेमात आली असती तर 'छान होती हं' म्हणून आपण जेवायला बसलो असतो. ती आत घुसते कारण ह्या माणसाला आपण पाच वर्षं ओळखत असतो. पहिल्याच भागात त्यानं सांगितलेलं असतं की लहान मुलांशी कसं वागायचं ते मला जमत नाही, तुम्हीच काय ते बघा. लग्न नाही, घर नाही, सगळं आयुष्य त्या खुर्चीत. त्या माणसाला हे लोक नातू देतात आणि काढून घेतात. म्हणून लांबलचक मालिकेचा एपिसोड परीक्षणाला घेताना त्या पंचेचाळीस मिनिटांच्या आत काय आहे एवढंच बघून भागत नाही, आपण सोबत काय घेऊन आलो तेही मोजावं लागतं. तर तुम्ही असं करा, आधी चवथ्या सीझनमधला 'फॅमिली' बघा, त्यात हा फ्रान्समधल्या आपल्या घरी जातो, भावाशी चिखलात मारामारी करतो आणि रडतो. मध्ये दोनचार कुठलेही बघा. मग हा लावा. रिटायर व्हायची गरज नाही.

आणि मार्क दहा दिले तरी खोड्या आहेतच की. दर थोड्या वेळानं आपल्याला गावातून उचलून यानावर आणतात, तिथे सगळे बेशुद्ध कॅप्टनभोवती उभे राहून कसले कसले कण आणि लहरी असलं बोलतात, झोत तोडून बघतात, तो मरायला टेकतो, परत जोडतात. ह्या प्रसंगांत मी चहा टाकून आलेलो आहे, काही चुकत नाही. गावाचा सेटही सेटच वाटतो. पण पिकार्ड झालेला पॅट्रिक स्टुअर्ट म्हातारा होतो तो नुसता मेकअपनं नाही, बसताना गुडघ्यावर हात ठेवायची पद्धत बदलते, बोलण्यातली हुकमाची धार जाते. कामिनचा मोठा झालेला मुलगा म्हणून जो दिसतो तो खरंच स्टुअर्टचा मुलगा आहे, डॅनियल स्टुअर्ट.

आमचे आजोबा शेजारी बसून बघत होते. संपल्यावर म्हणाले, ही तर नारदाची गोष्ट, कीर्तनात ऐकलीये, ह्यांनी रॉकेट लावलं एवढंच. खरंय का?
*एक वाचक, नाशिक*

आजोबांना माझा नमस्कार सांगा, कान तयार आहे त्यांचा. ज्यांनी कीर्तन ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी, नारद देवाला विचारतो माया म्हणजे काय, देव म्हणतो सांगतो, आधी तहान लागलीये, जरा पाणी आण. नारद गावात जातो, दार उघडणाऱ्या मुलीवर भाळतो, लग्न, शेती, मुलं, बारा वर्षं जातात, मग पूर येतो, बायकामुलं हातातून सुटून वाहून जातात, हा काठावर ऊर बडवत बसलाय आणि मागून आवाज येतो, अरे पाणी कुठंय, अर्धा तास झाला.

आजोबांना अजून एक सांगा, ती ह्याहून जवळची आहे. योगवासिष्ठातला लवण राजा. दरबारात एक जादूगार मोरपिसांचा कुंचा फिरवतो, राजा सिंहासनावर बसल्याबसल्या गोठतो, आणि थोड्या वेळानं शुद्धीवर येऊन सांगतो की मी चांडाळांच्या वस्तीत आयुष्य काढून आलो, तिथे बायको होती, पोरं होती, दुष्काळ पडला, पोरांची भूक बघवेना म्हणून मी आगीत शिरलो आणि जागा झालो. दुष्काळ लक्षात घ्या, तोच इथेही. आणि कथा तिथे थांबत नाही, राजा ती जागा शोधत विंध्याकडे जातो आणि वस्ती खरंच असते, त्याची सासू जावयाच्या नावानं रडत बसलेली असते. मला विचाराल तर एपिसोडातली बासरी म्हणजे ही सासू. सगळं मनाचे खेळ म्हणून सोडून द्यावं तर हातात काहीतरी उरतं. (नारळीकरांच्या पानिपताच्या गोष्टीत वेगळ्याच इतिहासात फिरून आलेल्या प्रोफेसर गायतोंड्यांच्या खिशात बखरीचं फाटकं पान निघतं, तेही ह्याच घराण्यातलं.)

पण चोरी म्हणायचं काही कारण मला दिसत नाही, असल्या गोष्टी सगळीकडेच फिरत असतात. आणि फरक मोठा आहे, आजोबांशी त्यावर वाद घालायला मजा येईल. नारदाला देव सांगतो की बघ, जिच्यासाठी रडतोयस ती नव्हतीच, ऊठ. पिकार्डला ती माणसं उलटं सांगतात. आम्ही होतो. आता तू आहेस तोवर आहोत. नारदाचं शहाणपण विसरण्यात आहे, ह्याच्या डोक्यावर लक्षात ठेवायचं ओझं दिलंय, तेही न विचारता. ते न विचारणं मला दर वेळी जरा खटकतं, पण ज्यांचा सूर्य फुटायला आलाय त्यांनी परवानगी कोणाची घ्यायची!

काका, सूर्य असा फुटतो का? आणि चाळीस वर्षं पंचवीस मिनिटांत कशी बसतील?
*इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, डोंबिवली*

फुटत नाही रे बाबा. एपिसोडात म्हणतात तसा नोव्हा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट, व्हायला जोडीचा तारा लागतो, म्हणजे एक श्वेतबटू (जळून संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा) आणि शेजारी ज्याचं द्रव्य ओढून घेता येईल असा दुसरा तारा, एकट्यादुकट्या सूर्यासारख्या ताऱ्याला ते जमत नाही. आपला सूर्यही तापत चाललाय पण त्याचा वेग म्हणजे शंभर कोटी वर्षांत साधारण दहा टक्के, कामिनच्या हयातीत त्याला ते अंगणातल्या दुर्बिणीतून दिसणं अवघड. वेळेचं म्हणशील तर मिनिटाला साधारण दीड वर्ष पडतं. जगण्याच्या वेगानं ते शक्य नाही, पण आठवणी एकदम ओतल्या आणि जागं झाल्यावर जगल्यासारखं वाटलं असं मानलं तर मला चालतं. परीक्षेत मात्र हे लिहू नकोस.

पुढच्याच भागात पिकार्ड ठणठणीत! चाळीस वर्षांचा संसार झाला, बायको गेली, आणि साहेब ड्युटीवर हजर. ह्याला तुम्ही दहा मार्क देता?
*एक वाचक, न्यू जर्सी*

हे पत्र मला लागलं, कारण बरोबर आहे. पुढचा एपिसोड म्हणजे त्या सीझनचा शेवटचा, 'टाइम्स ॲरो', त्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाली डेटा नावाच्या अँड्रॉइडचं पाचशे वर्षं जुनं मुंडकं सापडतं आणि सगळे त्यामागे लागतात, रेसिकचा र सुद्धा कोणी काढत नाही. तेव्हाच्या मालिकांची ती रीतच होती. अमेरिकेत ही मालिका एका चॅनेलची नव्हती, गावोगावच्या स्टेशनांना विकली जायची, रिपीट टेलिकास्ट कुठल्याही क्रमानं लागणार, म्हणून प्रत्येक भाग आपला आपण उभा राहायला हवा आणि शेवटी सगळं होतं तिथे परत ठेवायला हवं. आपल्याकडे दूरदर्शनवर रविवारी सकाळी जुनं स्टार ट्रेक लागायचं तेव्हा आम्ही कुठला आधी कुठला नंतर हे कधी विचारलंच नाही, लग्नाला जायचं म्हणून चार रविवार बुडाले तरी काही अडलं नाही.

तरी एक आहे. त्यांना जमत नव्हतं असं नाही, वर सांगितलेला 'फॅमिली' हा बोर्ग नावाच्या अर्धयंत्र शत्रूंनी पिकार्डला गिळून ओकून टाकल्यानंतरचा, निव्वळ जखमेवर फुंकर घालायचा भाग आहे. इथेही एक असा हवा होता. सहाव्या सीझनमध्ये 'लेसन्स' येतो तेव्हा कुठे तो ती बासरी काढतो, नेला डॅरन नावाच्या सहकारी बाईबरोबर वाजवतो आणि तिला सगळं सांगतो. दहा महिन्यांनी! दु:ख दाबून ठेवणारा माणूस आहे, दहा महिने लागले असतील त्याला, असं मी माझं समाधान करून घेतलंय. चला, तुमच्यासाठी अर्धा मार्क कापतो. साडेनऊ.

पण १९९३ सालचा ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथांचा मानाचा पुरस्कार, ह्याला मिळाला तेव्हा नाट्यप्रस्तुतीच्या गटात सिनेमे आणि टीव्ही एकत्रच असायचे हेही न्यू जर्सीकरांनी ध्यानात ठेवावं. टीव्हीच्या एका भागानं तो घ्यायची त्याआधीची वेळ १९६८ ची, तीही स्टार ट्रेकचीच.

ती बासरीची धून कोणाची? आणि नाव 'इनर लाइट' का, भागात तर तो शब्द कुठे ऐकला नाही.
*एक वाचक, फोंडा*

धून संगीतकार जे चॅटवेची. नाव मात्र लेखक मॉर्गन गेंडेलनं बीटल्सच्या गाण्यावरून घेतलं, आणि आता मजा ऐका, त्या गाण्याचा वाद्यांचा ट्रॅक जॉर्ज हॅरिसननं जानेवारी १९६८ मध्ये आपल्या मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत केला होता. वाजवणारे सगळे इथले, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. शब्द 'ताओ ते चिंग' ह्या जुन्या चिनी ग्रंथावर बेतलेले, की दाराबाहेर पाऊल न टाकताही जग कळू शकतं. पिकार्डचंही तेच झालं ना, जागचा हलला नाही आणि एक आख्खा ग्रह बघून आला.

तुम्ही फोंड्याच्या म्हणून अजून एक, न विचारता. कटानच्या लोकांनी केलं ते आपणही केलंय. १९७७ साली दोन व्हॉयेजर यानं सुटली, दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी, तीत पंचावन्न भाषांतले नमस्कार, त्यात मराठीही आहे, आणि सत्तावीस संगीताचे तुकडे. त्यातला भारताचा एकच, केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटांची. तुमच्या फोंड्याजवळच्या केरीच्या केसरबाई! व्हॉयेजर १ उडालं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. दोन्ही यानं आता सौरवाऱ्याच्या टापूबाहेर, ताऱ्यांमधल्या पोकळीत आहेत, व्हॉयेजर १ तर २०१२ पासून. कधीकाळी कोणाला सापडलंच तर त्याच्या हातात आपल्यातर्फे ती भैरवी पडणार, आणि गाणारीचं गाव कुठलं हे त्याला कोण सांगणार? मी हा एपिसोड संपल्यावर दर वेळी ती लावतो. तुम्हीही लावून बघा.

ती बासरी विकत मिळते का?
*एक वाचक, अमरावती*

मूळची तर गेली. २००६ साली न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात होती, काहीशे डॉलरचा अंदाज असताना ४८,००० डॉलरला गेली. आणि ती वाजतसुद्धा नाही, नुसती शोभेची. त्यापेक्षा तुमच्याकडे यात्रेत मिळते ती घ्या.

एलीन मरताना नवऱ्याला म्हणते की पायातलं जागेवर ठेवत जा, तिथे आमचे मिस्टर ढसाढसा रडले. वीस वर्षांत पहिल्यांदा. पण चपला अजून दारातच आडव्या असतात. काय करू?
*एक वाचक, कोल्हापूर*

ताई, पिकार्डलासुद्धा पाच वर्षं लागली ते घर आपलं म्हणायला, आणि त्यानंतरही बूट मध्येच असायचे. तुमच्या मिस्टरांना एकदा परत दाखवा, ह्या वेळी दाराशी टीव्ही लावून.