किराणा कमी करायचा तर आधी वर्षाची तूर घरात ठेवा

ताई, तुम्ही विचारलंय की घरात पाच माणसं, चार एकर कोरडवाहू शेती, यादी दर महिन्याला तीच आणि किराण्याचं बिल मात्र वाढतंच आहे, तर काय कमी करावं? तेल, डाळ की लेकरांचा खाऊ? आमचंही घर पाच माणसांचंच. वर्धा जिल्ह्यात आर्वीकडचं खेडं, कपाशी, सोयाबीन आणि मधात तुरीच्या ओळी. दोन वर्षांमागे आमच्याकडेही रोज रात्री याच गोष्टीवरून बोलाचाली व्हायची, म्हणून जे करून पाहिलं तेवढंच लिहिते.

माझं मत असं झालंय की शेती असलेल्या घराचा सगळ्यात जास्त पैसा एका सवयीत जातो. आपण पिकवलेलं खळ्यावरून थेट विकतो आणि तेच वर्षभर अर्धा-अर्धा किलो करून दुकानातून आणतो. माझ्या सासूबाई दरवर्षी बोलायच्या, “घरची तूर इकता अन् दुकानातली डाय आनता, हे कोनतं गनित हाय बाप्पा?” आम्ही ऐकून सोडून द्यायचो. जानेवारीत कृषी केंद्राची उधारी उभी असते, पोरांची फी असते, तूर गाडीत भरली की हातात रोख येते. ही अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही.

पण एकदा कागदावर मांडलं. आम्हाला महिन्याला 4 किलो डाळ लागते, म्हणजे वर्षाला 48. गावच्या चक्कीवर भरडली तर 70 किलो तुरीची साधारण तेवढी डाळ पडते. त्या वर्षी आम्ही तूर 7,000 रुपये क्विंटलने दिली होती, म्हणजे 70 किलोचे 4,900 आले असते. दुकानातून तीच डाळ वर्षभर 130-140 रुपयांनी आणली, ते झाले साडेसहा हजारांच्या आसपास. भरडाई वजा केली तरी हजार-बाराशे वाचतात, चुनी, म्हणजे भरडल्यावर उरलेला साल-चुरा, गाईला होते ती वेगळी. आकडा फार मोठा वाटणार नाही. पण ही एका डाळीची गोष्ट आहे, आणि वरण पातळ करायची पाळी आली नाही हे माझ्या दृष्टीने त्या पैशाहून जास्त आहे. लेकरांच्या ताटातली डाळ महागाईच्या नावाने कधीच कमी करू नका.

म्हणून आता तूर घरी आली की विकायच्या आधी पाऊण क्विंटल बाजूला काढतो. तसाच 25 किलो हरभरा, त्यातून डाळ, बेसन, फुटाणे सगळं निघतं. गहू होत असेल तर वर्षाचा. ज्वारी आमच्या भागात सोयाबीनने जवळजवळ संपवली, तरी यंदा धुऱ्याकडेने, म्हणजे बांधालगत, चार ओळी टाकल्या, कण्यांपुरती आणि भाकरीपुरती होते.

तूर मात्र तशीच पोत्यात ठेवू नका. अख्ख्या दाण्याला भुंगा लवकर लागतो, डाळीला त्यामानाने फारच कमी. मार्चमध्ये ऊन तापलं की डाळ करून घ्या. आम्ही असं करतो: तूर दोन दिवस चांगली वाळवायची, 70 किलोला साधारण पावभर तेल हाताने चोळायचं, मग पाण्याचा हलका हात मारून ढीग करायचा आणि रात्रभर पोत्याखाली झाकून ठेवायचा. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कडक ऊन. दाणा दाताखाली धरला की कटकन फुटून दोन फाका व्हायला हव्या, तेव्हा चक्कीवर न्यायचा. घाई केली तर साल सुटत नाही आणि डाळीचा चुरा होतो. पहिल्या वर्षी आमचा झाला होता, निम्मी चुरीच निघाली. सुपाने पाखडायला दोन बायका असल्या तर दुपारपर्यंत आटोपतं.

तेलाचं मात्र माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागतं. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने बाहेरून येणाऱ्या कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर नेलं. आपल्याकडे लागणाऱ्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरूनच येतं, त्यामुळे दिवाळीच्या तोंडावर पाऊच महाग झाले. त्याच हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 होता आणि आम्ही चार हजारांच्या जवळपास विकलं. पुढे मे 2025 मध्ये शुल्क कमी केलं, पण आमच्या गावच्या दुकानात भाव चढताना जसे एका रात्रीत चढले तसे उतरले नाहीत.

यावर आपल्या हातात दोनच गोष्टी आहेत. एक, पाऊचवरचं वजन वाचा. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. हल्ली तेवढ्याच दिसणाऱ्या पाऊचमध्ये 800 किंवा 850 ग्रॅमच असतं आणि किंमत पाच-दहा रुपयांनी कमी दिसते म्हणून आपण तेच उचलतो. डब्याचंही तसंच, 15 लिटर आणि 15 किलो यात सव्वा किलोहून जास्त फरक पडतो. आमच्या बचत गटातल्या चौघी मिळून डबा आणतो आणि वजनकाट्यावर वाटून घेतो. दुसरं, घरात तेलाची बरणी वेगळी ठेवा. मी बरणीवर मार्करने चार रेघा ओढल्या आहेत, एक रेघ एक आठवडा. पहिल्या महिन्यात तिसरा आठवडा संपायच्या आधीच बरणी रिकामी झाली. आता महिन्याला पाच लिटरच्या जागी साडेतीन लागतं. तर्रीदार रस्सा आठवड्यातून एकदाच, रविवारी. बाकी दिवस वरण, कढी, आलन म्हणजे पाण्यात कालवलेलं बेसन लावलेली भाजी. आलन लावलं की भाजीला अंगचाच दाटपणा येतो, तेल लागत नाही. पहिले पंधरा दिवस नवरा ताटावरून उठताना काही बोलायचे नाहीत, तेवढ्यावरून कळायचं. पण जवसाची चटणी ताटात ठेवली की जेवण जातं.

आता वही. लेकीच्या जुन्या वहीची मागची पानं घेऊन मी एक महिना दुकानातून आलेली एकूणएक वस्तू लिहिली, दोन रुपयांच्या शाम्पूच्या पुडीसकट. दुकानात खातं असलं की कोण काय घेऊन गेलं हे आपल्याला कळतच नाही. दोन लेकरं रोज 10-10 रुपयांचे पुडे आणत होती, महिन्याचे झाले 600. म्हणजे आमच्या महिन्याच्या डाळीपेक्षा जास्त! मला त्या रात्री झोप आली नाही. रागावून उपयोग नव्हता, त्यांना शाळेतून आल्यावर भूक लागतेच. आता डब्यात फल्ली-गूळ, मुरमुरे, फुटाणे असतात. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडते, पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगा असतात. पुडा बंद केला नाही, शनिवारी एक मिळतो. खातंही बंद केलं. त्याच दुकानातून, पण रोखीने आणि महिन्याचं एकदाच. रोख दिले की दुकानदार भाव सांगताना हात थोडा सैल सोडतो, हा आमचा अनुभव.

भाजीचं म्हणाल तर पावसाळ्यात बाजारात भेदरं (टमाटे) आणि सांभार (कोथिंबीर) घ्यायला गेलं की शंभराची नोट पुरत नाही, आणि नेमकं तेव्हाच धुऱ्यावर तरोटा, घोळ, कटुले या रानभाज्या उगवलेल्या असतात. पुढे अंबाडी येते. अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या, वरून लसणाची फोडणी, हे आमच्या घरी आठवड्यातून एकदा होतंच. फक्त एक गोष्ट मनापासून सांगते, जिथे तणनाशक किंवा कीटकनाशक मारलंय तिथली भाजी खुडू नका, शेजाऱ्याच्या शेताचा धुरा असेल तर विचारून खुडा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते आपण जवळून पाहिलंय.

डिसेंबरात हरभऱ्याची भाजी फुकटात मिळते, ती सावलीत वाळवून डबाभर ठेवा, उन्हाळ्यात भाज्या महाग झाल्या की उपयोगी पडते. अंगणात सांडपाण्यावर एक शेवगा, एक गोडलिंब (कढीपत्ता) आणि छपरावर कोहळ्याचा वेल, एवढं जरी लावलं तरी बाजाराच्या दिवशी पिशवी हलकी राहते. लाल तिखट पुडीचं घेऊ नका, मार्चमध्ये सुकी मिरची आणून गावातच कांडून घ्या. नागपूरकडे जाणं झालं तर भिवापुरी आणा, तिखट आहे म्हणून कमी लागते.

रेशन सोडू नका. प्राधान्य कार्ड असेल तर माणशी 5 किलो आणि अंत्योदय असेल तर कार्डाला 35 किलो धान्य मिळतं, जानेवारी 2023 पासून तेही मोफत. आमच्यासारख्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना अमरावती विभागात आणि वर्ध्यात धान्याऐवजी खात्यात रोख येते, तुमचं खातं जोडलेलं आहे का तेवढं पाहून घ्या. आमच्या गावात काही घरं रेशनचा तांदूळ दारावर येणाऱ्या माणसाला 15-20 रुपयांनी विकतात आणि 50 चा आणतात. तसं करू नका, ते कायद्यानेही चालत नाही. जाड तांदूळ खिचडीला, धिरड्यांना, चकल्यांना चांगलाच लागतो.

हे वाचणाऱ्यांमध्ये शेती नसलेल्या, मजुरीला जाणाऱ्या बायाही असतील. त्यांनी हरभरा सोंगणीच्या दिवसांत जमलं तर काही दिवसांची मजुरी धान्यात मागावी आणि मालकाला विचारून सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेलं धान्य, वेचावा. माझ्या माहेरी आई आणि काकू तुरीचा सरवा वेचायच्या, दोघींच्या मिळून दोन-तीन पायल्या व्हायच्या, आणि त्यात कमीपणा आहे असं आमच्या घरी कोणी कधी म्हटलं नाही.

तुमच्याकडे तूर अजून उभी असेल तर घरात आत्ताच बोलून ठेवा, किती किलो ठेवायची तो आकडा ठरवून. आमच्याकडे पहिल्या वर्षी मी खळ्यावर व्यापाऱ्याची गाडी आल्यावर बोलले, तेव्हा पोती भरून झाली होती.